मागाभोवतीचे हात : येवल्याचे विणकाम आणि दिव्यांगांची उपजीविका

येवल्याच्या रेशीमधंद्याचा इतिहास बहुधा आश्रयदाते, पेढीवाले आणि कसबी विणकर यांच्या अंगाने लिहिला जातो. मागावर बसणाऱ्याच्या पाठीशी रेशीम उकलणारे, कांड्या भरणारे, ताणा लावणारे आणि तुटलेले धागे सांधणारे जे अनेक हात राबतात, त्यांची नोंद त्यात क्वचितच येते. या हातांमध्ये म्हातारे, नजर अधू झालेले, पायांनी अधू असलेले किंवा ऐकू न येणारे असे लोकही असत, कारण घर हाच जिथे कारखाना असतो तिथे घरातल्या कोणालाही कामावाचून बसवून ठेवणे परवडत नाही. दिव्यांगांच्या उपजीविकेसाठी आज जे प्रकल्प आखले जातात, त्यांचा मध्यावधी आढावा, म्हणजे मुदत निम्मी उलटल्यावर उरलेल्या काळाची दिशा ठरवण्यासाठी केलेली तपासणी, कोणत्या निकषांवर घ्यावा, हा प्रश्न वरकरणी केवळ प्रशासनाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची मुळे जुन्या इतिहासात आहेत. राज्यव्यवस्थेने माणसांची ‘काम करू शकणारे’ आणि ‘काम करू न शकणारे’ अशी दोन गटांत वाटणी केली. धंद्याने अशी वाटणी कधी केली नाही, परंतु अधू माणसाच्या कामाला त्याने स्वतंत्र नाव दिले नाही आणि स्वतंत्र मजुरीही दिली नाही. हे दोन्ही दोष ओळखल्याशिवाय येवल्यासारख्या गावात कोणत्याही प्रकल्पाचे मूल्यमापन खरे ठरणार नाही.

धंद्याची घडण

येवला वसले तेव्हा हा मुलूख दिल्लीच्या बादशाहीत होता. पुढे तो साताऱ्याच्या छत्रपतींकडे, नंतर पेशव्यांकडे आला आणि माधवराव पेशव्यांनी तो विंचूरकर घराण्याच्या पूर्वजाकडे सोपवला. गावाचे मूळ पाटील रघोजी नाईक यांनी शामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्याला येथे आणून वसवले आणि त्याच्याकरवी रेशीमधंद्याचा पाया घातला, असे ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये नमूद आहे. या धंद्याला सुरुवातीपासून मक्तेदारीचे संरक्षण होते, म्हणजे रेशमी कापड विणवून घेण्याचा अधिकार ठरावीक घराण्यांपुरता मर्यादित होता आणि बाहेरच्याला त्यात शिरायचे तर मक्तेदारांची संमती मिळवावी लागे. ही मक्तेदारी पेशवाईनंतरही टिकली आणि 1864 मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आली. त्यानंतर साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा विणकर समाजांतील कोणालाही माग लावण्याची मुभा मिळाली. परंतु कच्चे रेशीम आणि जर यांना लागणारे भांडवल पूर्वीप्रमाणेच पेढीवाल्यांच्या हाती राहिल्यामुळे कायद्याने मोकळा झालेला धंदा व्यवहारात उधारीने बांधलेलाच राहिला. मालक रेशीम आणि जर मोजून देई, विणकर घरी कापड विणून परत करी आणि मजुरी वजा उचल असा हिशेब होई.

या पद्धतीचा एक परिणाम पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मजुरी नगावर, म्हणजे उतरलेल्या लुगड्यावर ठरत असे आणि ती कुटुंबप्रमुखाच्या नावे खात्यावर चढे. त्या लुगड्यासाठी घरातल्या बाईने किती लड्या उकलल्या, म्हाताऱ्याने किती कांड्या भरल्या, याची वेगळी नोंद ठेवण्याचे मालकाला काहीच कारण नव्हते. त्यामुळे ज्यांचे श्रम सर्वांत कमी दिसत त्यांची कमाई हिशेबात कुठेच उरली नाही.

कामाचे तुकडे आणि शरीराच्या मागण्या

रेशमाच्या लडीपासून पैठणीपर्यंतचा प्रवास अनेक टप्प्यांचा आहे आणि प्रत्येक टप्पा शरीराकडून वेगळी मागणी करतो. प्रथम लडी असारीवर, म्हणजे फिरत्या हलक्या चौकटीवर, चढवून धागा उकलला जातो आणि त्याची जाडबारीक प्रत बोटांच्या चिमटीतून ओळखली जाते. धाग्यातील गाठ किंवा विरळपणा येथे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. नंतर रंगारी ते रेशीम उकळत्या पाण्यात शिजवून रंगात बुडवतो, ज्यासाठी उभे राहण्याची ताकद आणि रंगाची अचूक जाण लागते. रंगवलेल्या रेशमातून ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, तयार होतो आणि बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यांसाठी, कांड्या भरल्या जातात. कांडी ही धोट्यात, म्हणजे ताण्यातून आडवा धागा नेणाऱ्या साधनात, बसणारी धागा गुंडाळलेली लहान नळी होय. ताणा मागावर चढवण्यापूर्वी त्याचे हजारो धागे वहीतून, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीतून, आणि फणीतून ओवावे लागतात; जुना ताणा संपत आला असेल तर त्याच्या प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचे टोक चिमटीत पिळून सांधले जाते. सांधणीचे हे काम एका जागी बसून होते. त्यात पायांचा उपयोग जवळपास नसतो, परंतु बोटांचा निगुतीपणा आणि चिकाटी यांची त्यात कसोटी लागते.

प्रत्यक्ष विणकाम पूर्वापार खड्ड्याच्या मागावर होत आले. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या दाबून ताण्याचे धागे आळीपाळीने उघडतो. अंगाचे विणकाम धोट्याने होते. पदर मात्र धोट्याने भरत नाही. तेथे प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली, म्हणजे त्या रंगाचा धागा गुंडाळलेली छोटी काडी, असते. मोराच्या मानेपुरता निळा, चोचीपुरता लाल आणि पार्श्वभूमीपुरती जर असा प्रत्येक धागा आपापल्या हद्दीपर्यंत मोजून नेऊन शेजारच्या रंगात गुंतवून परत फिरवावा लागतो. याच गुंतवणीमुळे पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. बांगडी-मोर, आसावली, कमळ, मुनिया यांसारखी भरगच्च नक्षी असलेले एक लुगडे उतरायला महिनोन्‌महिने लागतात, तर साध्या पदराचे काही आठवड्यांत होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबता येत नाहीत, तो पारंपरिक माग चालवू शकत नाही, पण तिल्लीकामात त्याच्या हातांना काहीच अडत नाही. ज्याला दिसत नाही त्याला पदराचे रंग लावता येणार नाहीत, पण उकलणी आणि कांडी ही कामे स्पर्शावर चालतात. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला या साऱ्या साखळीत कोणताही टप्पा वर्ज्य नाही, त्याची अडचण फक्त शिकवण्याच्या पद्धतीत आहे. धंदा स्वतःही अधूपणा निर्माण करतो. वर्षानुवर्षे मंद उजेडात बारीक धागे मोजून नजर उतरते, वाकून बसल्याने पाठ आणि गुडघे धरतात, आणि मग उमेदीत मागावर बसणारा विणकर उतारवयात त्याच घरात कांडीवर येतो. म्हणजे सक्षम आणि अक्षम या दोन स्थिर जाती नसून एकाच आयुष्यातील पायऱ्या आहेत, हे हातमागाच्या घराला कोणी सांगावे लागले नाही. मात्र कांडीवर येणे ही नेहमीच उतरती पायरी होती, कारण साखळीतील सर्वांत कमी मोबदला तिथेच होता.

शासनाची मोजणी आणि दुष्काळाची संहिता

वसाहतकालीन शासनाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांचे वर्गीकरण वेगळ्या हेतूने सुरू केले. 1872 पासून 1931 पर्यंतच्या जनगणनांमध्ये व्यंगांची गणना होत असे आणि 1881 नंतर ती वेड, मूकबधिरत्व, अंधत्व आणि कुष्ठरोग या चार सदरांत स्थिरावली. हातापायाने अधू असणे या चौकटीत बसत नव्हते. म्हणजे खड्ड्याच्या मागापासून माणसाला दूर ठेवणारे नेमके व्यंगच मोजणीबाहेर राहिले. 1941 पासून ही गणना थांबली, 1981 मध्ये मर्यादित स्वरूपात परतली, 1991 मध्ये पुन्हा गळाली आणि 2001 पासूनच नियमित झाली. साठ वर्षे मोजूनही या आकड्यांना कोणाच्या उपजीविकेशी जोडले गेले नाही, कारण त्या सदरांतील माणूस काय काम करतो यापेक्षा त्याच्यात काय उणे आहे हे नोंदवणे हाच मोजणीचा हेतू होता.

दुष्काळाच्या प्रशासनात हीच दृष्टी नियम बनून आली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता, म्हणजे टंचाईत कोणाला कशी मदत द्यायची याची नियमावली, तयार झाली. तिच्यात धडधाकट माणसाला खडी फोडण्यासारख्या सार्वजनिक कामांवर मजुरी आणि अंध, पांगळे, वृद्ध अशा निराधारांना गावातच फुकट शिधा किंवा पैसे, अशी सरळ विभागणी होती. 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत विणकरांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला, कारण गिऱ्हाईक आटल्यामुळे माग बंद पडत आणि खडी फोडून हात राठ झालेल्या कारागिराला पुन्हा नाजूक धागा हाताळणे कठीण जाई. यातून विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देऊन मदत करावी, हा विचार मान्य झाला. परंतु या दोन तरतुदी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. विणकराला धंद्यातून मदत आणि अधू माणसाला शिधा, अशा दोन खिडक्या उघडल्या गेल्या. घरात बसून कांड्या भरणारी अंध विणकरीण मात्र त्या दोन्ही खिडक्यांच्या मधल्या भिंतीपाशी राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात हीच विभागणी नव्या नावांनी चालू राहिली, हे तिच्या चिवटपणाचे लक्षण होय. 1972 च्या दुष्काळात आकार घेतलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना अंगमेहनतीच्या अकुशल कामावर उभी होती, तर 1980 मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना काम करू न शकणाऱ्यांसाठी होती. दोन्ही योजनांनी असंख्य कुटुंबे तगवली, आणि येवल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात त्यांचे मोल मोठे आहे. परंतु अर्धवट अडथळा असलेल्या, योग्य साधन मिळाल्यास चांगले कमावू शकणाऱ्या कारागिराला त्यांच्यात जागा नव्हती. उलट अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा असल्यामुळे थोडे कमावणेही धोक्याचे ठरू शकते, ही भीती त्यातून निर्माण झाली.

संस्थांचा मार्ग

या विभागणीला पहिला तडा संस्थांनी दिला. मुंबईत 1885 मध्ये मूकबधिरांसाठी आणि 1900 मध्ये अंधांसाठी शाळा निघाल्या. अंधांच्या शिक्षणात वेतकाम, विणकाम आणि संगीत यांना पुढे स्थिर स्थान मिळाले. 1949 मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, जिथे कुष्ठमुक्त आणि अपंग माणसांनी शेती, सुतारकाम आणि हातमाग चालवून आपल्या श्रमावर वसाहत वाढवली. दान हे श्रमाला पर्याय ठरू नये, हा त्या प्रयोगाचा गाभा होता. 1952 मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघटना, म्हणजे नॅब, स्थापन झाली आणि 1959 मध्ये देशातील पहिले अपंगांसाठीचे विशेष सेवायोजन कार्यालय, म्हणजे नोकरीसाठी नावनोंदणी करून नियोक्त्यांशी गाठ घालून देणारे कार्यालय, मुंबईतच सुरू झाले. या सर्व प्रयत्नांनी अपंग माणूस कमावू शकतो हे सिद्ध केले. त्यांची मर्यादाही त्यांच्या रचनेतच होती. संस्था माणसाला त्याच्या गावातून आणि धंद्यातून उचलून संरक्षित कार्यशाळेत आणत. तेथे बनलेल्या मालाची खरेदी अनेकदा सहानुभूतीवर चाले आणि ज्या गावात आधीच बाजारपेठ असलेला धंदा आहे, तेथे घरोघरच्या अपंगांना त्या धंद्यात वर कसे न्यावे, हा प्रश्न या चौकटीत उपस्थित होत नसे.

मध्यावधी आढाव्याची परंपरा

मुदत संपण्याआधीच थांबून दिशा तपासण्याची पद्धत या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय पातळीवरून आली. संयुक्त राष्ट्रांनी 1981 हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष आणि 1983 ते 1992 हे अपंगांचे दशक म्हणून पाळले. दशकाच्या मध्यावर, ऑगस्ट 1987 मध्ये, स्टॉकहोम येथे तज्ज्ञांची बैठक भरली आणि तिने पुढील कामाचा पाया अपंग व्यक्तींच्या हक्कांची मान्यता हा असावा, असे सांगितले. त्या वेळी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय कराराची सूचना सदस्य राष्ट्रांनी उचलून धरली नाही, पण 1993 मध्ये समान संधींविषयीचे प्रमाण नियम आले आणि अखेर 2006 मध्ये करार संमत झाला, ज्याला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली. मध्यावरील तपासणी केवळ किती काम झाले हे मोजत नाही, तर मोजपट्टीच चुकीची आहे का हेही विचारू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

आशिया-पॅसिफिक प्रदेशाने 1992 च्या बीजिंग बैठकीत आपले स्वतंत्र दशक जाहीर केले आणि भारताचा 1995 चा अपंग व्यक्ती कायदा त्याच जाहीरनाम्याच्या अनुषंगाने झाला. त्यात दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांमध्ये किमान 3 टक्के वाटा राखण्याची तरतूद होती. पुढे 2013–2022 या दशकाचा मध्यावधी आढावा 2017 मध्ये पुन्हा बीजिंगला झाला. दरम्यान भारतात 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, ज्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि दारिद्र्य निर्मूलन व विकास योजनांतील वाटा 5 टक्क्यांवर नेला. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात, जे महाराष्ट्रात ‘उमेद’ या नावाने ओळखले जाते, दिव्यांगांचे बचतगट नेहमीच्या 10 ऐवजी 5 सदस्यांचेही होऊ शकतात आणि त्यात पुरुषांनाही प्रवेश आहे. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. कायदा आणि यंत्रणा या दोन्ही अंगांनी चौकट आता उभी आहे. तिच्या आत धंदा कसा बसवायचा, हा प्रश्न गावागावाने सोडवायचा आहे.

येवल्यात आढावा कशाचा

एखादा तीन वर्षांचा प्रकल्प येवला शहरात किंवा नागडे यांसारख्या विणकर वस्तीत राबवला गेला, तर त्याचा मध्यावधी आढावा साधारण अठराव्या महिन्यात येईल. तेव्हा धंद्याचे स्वतःचे वेळापत्रक तपासणाऱ्याच्या ध्यानात असले पाहिजे. कांडी आणि उकलणी शिकलेल्याची मजुरी काही आठवड्यांत सुरू होते; सांधणी शिकायला अधिक काळ लागतो; आणि भरजरी पदर विणू लागलेला शिकाऊ कारागीर अठराव्या महिन्यात कदाचित आपले पहिले विकण्याजोगे लुगडे मागावरून उतरवत असेल. त्या दिवशी केवळ मासिक उत्पन्नाचा तक्ता मांडला, तर कांडीवाले यशस्वी आणि पदरवाले अपयशी दिसतील, आणि उरलेल्या दीड वर्षात सर्वांना कांडीवर वळवा, असा निष्कर्ष निघेल. अशा रीतीने, कोणाचाही वाईट हेतू नसताना, प्रकल्प दिव्यांगांना पुन्हा त्याच पायरीवर नेऊन बसवील जिथे धंद्याने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या बसवले. म्हणून उत्पन्नाइतकीच कौशल्याची पायरी नोंदवणे आवश्यक ठरते: कोण कोणत्या टप्प्यावर आला, कोण कोणत्या टप्प्यावर जाऊ शकला असता आणि त्याला अडवणारी गोष्ट शरीराची होती की साधनाची.

साधनाचा प्रश्न येथे निर्णायक आहे. खड्ड्याऐवजी जमिनीवर उभारलेला चौकटीचा माग, पावड्यांऐवजी हाताने किंवा लहान मोटारीने उघडणारी वही, बसण्याची उंची आणि पुरेसा उजेड यांवर पायांनी अधू असलेल्या व्यक्तीला विणकर व्हायचे की मदतनीस राहायचे हे ठरते. हा खर्च आराखड्यात धरला होता का आणि मध्यावर त्यात बदल करण्याइतकी लवचीकता उरली आहे का, हे आढाव्याने पाहिले पाहिजे. त्याचबरोबर रेशीम बंगळूरहून आणि जर सुरतेहून येते, त्यामुळे खेळते भांडवल नसलेला नवा कारागीर पहिल्याच लुगड्यापासून मालकाच्या उचलीत अडकतो. 1864 नंतर जे सर्व विणकरांचे झाले, तेच त्याचेही होते.

तिसरी बाब नावाची आहे. 2019–20 च्या चौथ्या हातमाग गणनेने देशातील सुमारे 35.22 लाख हातमाग कामगारांची नोंद करताना 26.73 लाख विणकर आणि 8.48 लाख जोडकामगार, म्हणजे कांडी, ताणा, रंगाई अशी कामे करणारे, असे वेगळे मोजले. जोडकामगार ही नोंद मिळाली तर ओळखपत्र, कर्ज आणि विमा यांचे दार उघडते. म्हणून घरात कांड्या भरणाऱ्या दिव्यांग व्यक्तीची मजुरी तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते का, तिच्याकडे दिव्यांगत्वाच्या दाखल्याबरोबर कामगाराची ओळखही आहे का, हे विचारणे म्हणजे जुन्या खातेवहीतील चूक दुरुस्त करणे होय. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांगांपैकी 36 टक्के लोक कामगार होते. पुरुषांत हे प्रमाण 47 टक्के, तर स्त्रियांत 23 टक्के होते. घरातल्या श्रमाला काम न मानण्याची सवय लक्षात घेता, हा फरक केवळ बेकारीचा नसून नोंदीचाही असण्याची शक्यता आहे, आणि ज्या गावात निम्मा धंदा घरात चालतो तेथे ती अधिकच आहे.

अखेरची बाब अनुदानाची आहे. उत्पन्न वाढल्यास निराधार योजनेचे पैसे बंद होतील या धास्तीने लाभार्थी आपली कमाई कमी सांगत असतील, तर आढाव्याचे आकडेच खोटे ठरतात. पैठणीसारख्या हंगामी मागणीच्या धंद्यात, जिथे लग्नसराई आणि दिवाळी सरल्यावर मजुरी घटते, ही धास्ती अवास्तव म्हणता येत नाही. त्यामुळे अनुदान आणि कमाई काही काळ एकत्र चालू देण्याची सोय करून घेणे, हे प्रकल्पाच्या उत्तरार्धातील कामांपैकी एक ठरते.

हे सारे प्रश्न प्रकल्प संपल्यावरच्या अहवालातही विचारता येतात, पण तेव्हा त्यांची उत्तरे पुढच्या कोणा प्रकल्पाच्या उपयोगी पडतात, या कारागिरांच्या नाही. मध्यावधी आढाव्याचे मोल त्याच्या वेळेत आहे आणि ती वेळ वाया जाऊ नये यासाठी तीन अटी पाळणे भाग आहे: उत्तरार्धाच्या निधीचा काही भाग आढाव्यानंतरच्या बदलांसाठी राखून ठेवणे, तपासणाऱ्यांत धंदा जाणणारे दिव्यांग कारागीर असणे, आणि लाभार्थ्यांच्या संख्येपेक्षा त्यांची साखळीतील जागा महत्त्वाची मानणे. दुष्काळ संहितेने माणसाला काय जमत नाही एवढेच विचारले आणि धंद्याने त्याला जे जमते ते फुकट घेतले. जमणाऱ्या कामाचा रास्त दाम आणि न जमणाऱ्या कामासाठी योग्य साधन, या दोन्हींची मागणी एकाच तपासणीत करणारा आढावा येवल्याच्या धंद्याच्या इतिहासात खरोखर नवा ठरेल.